ओठ पुन्हा पुन्हा सुजतोय, कारण कसं शोधतात?

प्रश्न विट्याजवळच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात सांगतो. आईचं वय ५८. दोन महिन्यांत चार वेळा ओठ सुजला, कधी वरचा, कधी खालचा. दर वेळी जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलं आणि दोन-तीन दिवसांत सूज उतरली. अंगाला खाज नाही, पित्त उठत नाही. तिसऱ्या वेळेनंतर रक्ताचं ‘ॲलर्जी पॅकेज’ केलं. त्यात गहू, वांगं, हरभराडाळ, दूध आणि शेंगदाणा ‘पॉझिटिव्ह’ आले. तेव्हापासून आई ज्वारीची भाकरी आणि मुगाच्या वरणावर आहेत, वजन उतरलंय, आणि तरीही गेल्या आठवड्यात ओठ चौथ्यांदा सुजलाच. शेवटी ताई विचारतात, ‘अजून कोणती टेस्ट राहिलीय? बाकी बीपी आणि शुगरच्या गोळ्या नेहमीच्याच आहेत.’

ताई, मी तुमच्या त्या ‘नेहमीच्याच’ शब्दावर अडकलो. त्याकडे येतोच. पण आधी जिवावरचं सांगू दे.

सूज ओठापुरती असेल तर विचार करायला वेळ असतो. जीभ जड झाली, आवाज घोगरा झाला, थुंकी गिळवेना म्हणून लाळ गळायला लागली, श्वास घेताना घशातून आवाज येऊ लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा ओठाबरोबर अंगभर गांध्या आणि उलट्या सुरू झाल्या, तर मात्र कारण शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन करा, नाहीतर दारात असेल ती गाडी काढा. अशा पेशंटला आम्हीही आधी कहाणी विचारत नाही. तीव्र ॲलर्जीची चिन्हं असतील तर मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत, ॲड्रेनॅलिन देतो. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम. पित्ताचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन त्याच्या मागून येतं, त्याच्या जागी नाही. ती दोन्ही सावकाश काम करतात आणि घसा तेवढा वेळ थांबत नाही. आणि या धावपळीतही निदानाला एक धागा मिळतो. ॲड्रेनॅलिन देऊनही सूज हलली नाही, तर ही नेहमीची ॲलर्जी नसावी हे तिथेच डोक्यात येतं.

आता तुमचा प्रश्न.

मी मिरजेत त्वचेच्या रोगांचा डॉक्टर आहे. सुजलेला ओठ घेऊन माणूस समोर बसला की मला सगळ्यात आधी लागतं ते घड्याळ. सूज पहिल्यांदा कधी लक्षात आली? जेवता जेवता, की सकाळी तोंड धुताना आरशात? पूर्ण फुगायला किती वेळ लागला? उतरायला किती? ‘लगेच आली आणि लवकर गेली’ या उत्तराचा मला उपयोग नसतो. काहींचं लगेच म्हणजे पाच मिनिटं, काहींचं म्हणजे संध्याकाळपर्यंत.

कारण असं की ओठाची चामडी पातळ, आतली पेशीजाळी सैल. रक्तवाहिन्या कोणत्याही कारणाने झिरपायला लागल्या की पाणी तिथे आधी साठतं. ओठ आणि पापण्या म्हणून पहिल्या फुगतात. पण झिरपायला लावणारी रसायनं मुख्यतः दोन. एक हिस्टामिन. पित्त उठतं, खाज सुटते ती याची करामत. ही सूज मिनिटांत ते तासा-दोन तासांत चढते, बहुतेक वेळा दिवसभरात, फार तर दोन दिवसांत उतरते आणि पित्ताच्या गोळीला दाद देते. दुसरं ब्रॅडिकायनिन. ही सूज काही तासांत सावकाश चढते, दोन ते पाच दिवस राहते, खाजत नाही, तिच्याबरोबर गांध्या उठत नाहीत, आणि पित्ताच्या गोळीला ती भीक घालत नाही.

इथेच सगळे फसतात. तुमच्या आईंची सूज ‘इंजेक्शनने’ दोन-तीन दिवसांत उतरली. ती इंजेक्शन न देताही बहुधा तेवढ्याच दिवसांत उतरली असती. सूज तिच्या वेळेला गेली, श्रेय इंजेक्शनला मिळालं, आणि ‘इंजेक्शनने बरं वाटतं म्हणजे ॲलर्जीच’ असा शिक्का बसला.

मी हाच शिक्का स्वतः मारलेला आहे. बरीच वर्षं झाली. कऱ्हाडकडचे एक निवृत्त गुरुजी ओठ सुजवून माझ्याकडे तीनदा आले. मी तिन्ही वेळा विचारलं, ‘गुरुजी, नवीन काही गोळी सुरू केलीय का?’ गुरुजी खरं बोलणारे. ‘नाही.’ मी वांगं बंद केलं, शेंगदाणे बंद केले, आंबवलेलं बंद केलं. चौथ्या खेपेला त्यांची सून बरोबर आली आणि तिने गोळ्यांची पिशवी माझ्या टेबलावर सरळ उपडी केली. त्यात रामिप्रिल होतं. चार वर्षांपासून रोज एक. गुरुजींचं उत्तर बरोबर होतं, प्रश्न माझा चुकला होता. तेव्हापासून मी ‘नवीन गोळी कोणती’ असं विचारत नाही. ‘पिशवी घेऊन या’ म्हणतो, आणि एकेक स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचतो.

रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. ज्यांच्या औषधी नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं, त्या सगळ्या एका घरातल्या बीपीच्या गोळ्या. चांगल्या गोळ्या आहेत, हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही सांभाळतात. त्या शरीरातलं एसीई नावाचं विकर (एन्झाइम) अडवतात. पण हेच विकर ब्रॅडिकायनिनची विल्हेवाट लावण्याचंही काम करतं. ते अडलं की ब्रॅडिकायनिन साठतं. अनेकांना त्याने नुसता कोरडा खोकला येतो. हजारात एक ते सात जणांचा ओठ, जीभ किंवा घसा सुजतो. ही सूज पहिल्या आठवड्यात येऊ शकते, तशी काही वर्षांनीही येऊ शकते, आणि मधल्या काळात गोळी तर रोज चालूच असते. म्हणून संशय कुणाला येत नाही. चार वर्षं निमूट काम करणाऱ्या गड्यावर चोरीचा आळ कोण घेणार?

शुगरच्या गोळीचंही नाव बघायचं. विल्डाग्लिप्टिनसारख्या ‘ग्लिप्टिन’ गटातल्या गोळ्या ज्या विकराला अडवतात, त्याचाही अशा रसायनांच्या विल्हेवाटीत हात असतो. ‘प्रिल’च्या जोडीला विल्डाग्लिप्टिन आलं की सुजेची शक्यता वाढते. त्यामुळे ‘बीपीची गोळी जुनीच आहे, शुगरची तेवढी मागच्या दिवाळीत बदलली’ असं कुणी म्हणालं की माझे कान टवकारतात.

आईंच्या बाबतीत हेच असेल असं मी न बघता छातीठोकपणे म्हणणार नाही. पण वय, खाज नसणं, गांध्या नसणं, दोन-तीन दिवसांचा मुक्काम आणि बीपीची गोळी हे सगळं एकत्र आलं की मी पहिला हात पिशवीतच घालतो.

पिशवीत न सापडणारी औषधंही असतात. आपल्याकडे लोक दुखण्याच्या गोळीला औषध धरतच नाहीत. ‘कुठलं औषध घेता?’ ‘काही नाही.’ ‘डोकं दुखलं तर?’ ‘ते मेडिकलमधनं एक सुटी गोळी आणतो.’ ती सुटी गोळी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनची असते, आणि काहींचे ओठ आणि पापण्या तिच्यामुळे काही तासांत फुगतात. ऊसतोडीच्या हंगामात कंबरदुखीवर अशा गोळ्या मुठीमुठीने खपतात. याचं निदान करणारी खात्रीची रक्ततपासणी नाही. गोळी कधी घेतली आणि ओठ कधी सुजला, हे दोन-तीन वेळचं वहीत लिहून आणलं की बहुधा उत्तर मिळतं. फारच अडलं तर दवाखान्यात दाखल करून, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, थोड्या थोड्या मात्रेने ती गोळी देऊन बघतात. घरी हा प्रयोग कुणी करू नये.

प्रश्न झाले की बोटं. हातमोजा घालून ओठ अंगठा आणि तर्जनीत धरून बघायचा, आतून आणि बाहेरून. ही दोन मिनिटं कोणतंही मशीन वाचवू शकत नाही. मऊ, गार आणि न दुखणारा फुगवटा म्हणजे वर सांगितलेल्या रसायनांची सूज. गरम, लाल आणि हात लावू न देणारी असेल तर जंतुसंसर्ग. खालच्या ओठाच्या आत निळसर, वाटाण्याएवढी, बुळबुळीत गाठ असेल तर तो लाळग्रंथीचा फुगा, बहुतेकदा ओठ चावल्याने झालेला. आणि रबरासारखा चिवट, आठवडेच्या आठवडे न उतरणारा ओठ असेल तर तो वेगळाच रस्ता, त्यावर पुढे बोलतो.

वरच्या ओठावर पुटकुळी येऊन ओठ सुजला असेल तर ती फोडू नका, हे मी येईल त्याला सांगतो. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातल्या शिरा डोळ्याच्या खोबणीतून मेंदूजवळच्या मोठ्या शिरेला जाऊन मिळतात. दाबलेली पुटकुळी क्वचित फार महागात पडते.

वरचा ओठ बरोबर मध्येच सुजला तर मी दातांकडे बघतो. तासगाव भागातला एक द्राक्षबागायतदार ‘फवारणीची ॲलर्जी’ म्हणून आला होता. त्याचं त्यालाच पटलेलं, कारण सूज औषध मारल्याच्या दुसऱ्या दिवशी आली होती. ओठ उलटा केला तर समोरचा एक दात शेजाऱ्यापेक्षा जरासा काळपट. आरशाच्या दांड्याने शेजारच्या दातावर टकटक केली, काही नाही. काळ्या दातावर केली, गडी खुर्चीतून उठलाच. शाळेत असताना सायकलवरून पडला होता. दात तेव्हाच मेला होता आणि मुळाशी आता पू झाला होता. फवारणी बिचारी उगाच बदनाम. दंतवैद्याने मुळाचा उपचार केला आणि ओठ जागेवर आला. लहान मुलाचा ओठ दात काढून आल्यावर सुजला तर त्याच संध्याकाळी ॲलर्जी म्हणत धावू नका. भूल उतरेपर्यंत पोरं बधिर ओठ चावत बसतात. पुढे काही दिवस तिथे पांढरा चट्टाही दिसतो.

बाहेरून लागलेल्या गोष्टींची तऱ्हा निराळी. त्यात ओठ फुगण्यापेक्षा चरचरतो, सोलतो, भेगा पडतात, कडेला लाली येते. लिपस्टिक, ओठांचं मलम, दालचिनी किंवा पुदिन्याच्या वासाची टूथपेस्ट, हे नेहमीचे. मे महिन्यात रायवळ आंबा देठाकडून चोखणारी पोरं येतात, चीक लागून ओठाच्या कडेला फोड आलेली. केस काळे केल्यावर दुसऱ्या दिवशी पापण्या, कान आणि ओठ सुजले तर ते डायमधलं पीपीडी नावाचं रसायन. (डाय पोटात गेला असेल तर मात्र तो विषबाधेचा प्रकार. घसा आणि मान सुजते, लघवी काळी होते, मूत्रपिंडं जातात. क्षणही घालवायचा नाही.) एक शिवणकाम करणाऱ्या ताई होत्या. तीन डॉक्टर झाले, लिपस्टिक त्या कधी लावत नव्हत्या. मी त्यांना म्हटलं, काम कसं करता ते दाखवा. त्यांनी ब्लाउजचा कपडा धरल्यासारखा हात केला आणि सवयीने ओठ मिटले. टाचण्या! दिवसभर चार-पाच टाचण्या ओठांत. निकेलची ॲलर्जी होती, पॅच टेस्टमध्ये निघाली. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या चकत्या चिकटवून ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा आणि पुन्हा ७२ ते ९६ तासांनी एकदा वाचतात. दुसरं वाचन टाळणारे पेशंट फार. ‘पाठ चांगली आहे डॉक्टर, विट्याहून परत कशाला येऊ?’ पण निकेलसारखी खूण पुष्कळदा दुसऱ्या वाचनालाच ठळक दिसते.

आता त्या पॅकेजबद्दल. जरा चिडूनच लिहितोय, माफ करा. रक्तातला विशिष्ट आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) ‘पॉझिटिव्ह’ येतो म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख आहे, एवढंच. ओळख आहे म्हणून भांडण आहे असं नाही. आई ५८ वर्षं भाकरी-चपाती खातायत, गव्हाने ओठ सुजायचा तर खाल्ल्यापासून मिनिटांत, फार तर दोन तासांत, आणि जवळपास दर वेळी सुजला असता. एकूण आयजीई तर दमा, इसब, पोटातले जंत, कशानेही वाढतो. ही तपासणी वाईट नाही. ती आधी संशय ठरवून, त्या एकाच पदार्थासाठी करायची असते. साठ-सत्तर पदार्थांचं जाळं टाकलं की काहीतरी अडकतंच. खाण्याचा खरा संशय असेल तर त्वचेवर थेंब टाकून टोचणीची तपासणी करतात, १५ ते २० मिनिटांत गांधी उठते का ते बघतात. त्याआधी पित्ताच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा.

एक रक्ततपासणी मात्र स्वस्त आणि मोलाची, आणि तीच बहुतेक पॅकेजमध्ये नसते: सी-४, म्हणजे रक्तातल्या एका संरक्षक प्रथिनाची पातळी.

सांगतो का. इस्लामपूरकडची एक कॉलेजची मुलगी. ओठ सुजायचा, कधी हाताचा पंजा. खाज नाही. मी विचारलं, पोट दुखतं का? आई म्हणाली, ‘दर दोन-तीन महिन्यांनी. अपेंडिक्स पण काढून झालं, तरी दुखतंय.’ घरात कुणाला अशी सूज? वडिलांचा ओठ ‘तसा कधीमधी’ सुजायचा. आणि आजोबा? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वडील म्हणाले, ‘आबांचा दात काढला होता. रात्री घसा बंद होऊन गेले.’ हा आनुवंशिक अँजिओएडेमा, म्हणजे घराण्यात चालत येणारी अशी सूज. सी-१ इनहिबिटर नावाचं प्रथिन कमी पडतं किंवा असून काम करत नाही, आणि ब्रॅडिकायनिन मोकाट सुटतं. साधारण ५० हजारांत एकाला असतो, आई-वडिलांपैकी एकाकडून प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. आतड्याची भिंत सुजते म्हणून पोट दुखतं आणि अपेंडिक्सच्या नावाने विनाकारण पोट फाडलं जातं. यात सी-४ बहुतेकांचा कमी येतो, सूज नसतानाही. तो कमी आला की सी-१ इनहिबिटरचं प्रमाण आणि काम, दोन्ही तपासायचं. नुसतं प्रमाण बघून थांबलं तर ज्यांचं प्रथिन आहे पण निकामी आहे, ते सुटतात. रक्त सांगली-मिरजेत घेतलं तरी नमुना सहसा मोठ्या शहरातल्या लॅबला जातो. अशा माणसाने दात काढण्याआधी दंतवैद्याला हे सांगणं, आणि बाईने गर्भनिरोधक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय न घेणं, यावर जीव अवलंबून असतो.

हाच बिघाड चाळिशीनंतर, घरात कुणाला नसताना, पहिल्यांदा दिसला तर तो जन्मजात नसून मागाहून आलेला असू शकतो. कधी त्यामागे रक्तपेशींचा आजार लपलेला असतो. तेव्हा सी-१क्यू या सी-४ सारख्याच आणखी एका प्रथिनाचीही तपासणी करतात. आईंच्या वयात म्हणूनच सी-४ करून घ्यायला माझी हरकत नाही. पण पिशवी आधी.

रबरी ओठाचं म्हटलं होतं. सुरुवातीला येऊन-जाऊन असणारी सूज हळूहळू मुक्कामाला राहिली, ओठ जाडच राहिला, तर रक्त तपासून भागत नाही. ओठाच्या आतल्या बाजूचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. तिथे पेशींचे विशिष्ट पुंजके दिसले तर टीबी, कुष्ठरोग, सारकॉइड आणि आतड्याचा क्रोन्स आजार हे एकेक करून बाजूला काढायचे. यातलं काहीच नसेल तर उरतो ग्रॅन्युलोमॅटस चेलायटिस. १९४५ मध्ये मीशर या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याचं वर्णन केलं. त्याच्या जोडीला जिभेवर भेगा आणि कधीतरी तोंड वाकडं होणं असेल तर त्याला मेल्करसन-रोझेन्थाल म्हणतात. दुर्मीळ आहे, पण मी पाहिलेले पेशंट आधी वर्ष-वर्ष पित्ताच्या गोळ्या खाऊन आलेले होते.

आणि खालच्या ओठात तंबाखूचा बार धरणारे, मिश्री लावणाऱ्या मावश्या: ओठ एका जागी टणक झाला, तीन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, तर ‘चुन्याने भाजलं असेल’ म्हणून मलम लावत बसू नये. तिथे तुकडा तपासणं हाच पहिला इलाज, शेवटचा नाही.

तर ताई, उद्याच असं करा. आईंच्या सगळ्या गोळ्या, सुट्या, मोडक्या स्ट्रिप, गुडघ्याच्या पुड्या, आयुर्वेदिक काढे, सगळं एका पिशवीत घाला. चारही वेळच्या सुजेचे फोटो मोबाइलमध्ये असतील ते तारखेसकट काढून ठेवा. सूज उतरल्यावर येणाऱ्या पेशंटच्या बाबतीत फोटो हाच आमचा डोळा. बीपीच्या गोळीच्या मागे ‘प्रिल’ दिसलं तर पुढची मात्रा देण्याआधी ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी भेटा. मनाने बंद करून गप्प बसू नका, बीपी उसळला तर तो निराळा घोळ. बदली गोळ्या भरपूर आहेत, ॲम्लोडिपिनसारख्या. आणि बंद केल्यावरही पहिल्या महिन्यात एखाद-दुसऱ्या वेळी ओठ पुन्हा सुजू शकतो. तेवढ्यावरून ‘गोळीचा दोष नव्हता’ असं ठरवून ती परत सुरू करू नका. हे कार्डावर लाल पेनने लिहून घ्या, म्हणजे पुढे कुणी नव्या ब्रँडच्या नावाने तीच गोळी देणार नाही.

पिशवीत ‘प्रिल’ नसेल तर सी-४ आणि कुटुंबाची चौकशी. आणि चपाती तर आजपासूनच सुरू करा, दूधही. शेंगदाण्याची चटणी त्या आवडीने खात असतील तर तीही.

मिरजेला आलात तर पिशवी उपडी करूनच बोलू.